बियाण्याचे पाकीट आणि त्यामागील वाद : जालन्याच्या एका कंपनीची कहाणी

दरवर्षी १५ मे रोजी ख्रिस्तसभा शेतकऱ्यांचे आश्रयदाते संत इसिदोर यांचे स्मरण करते. त्यानंतर अवघ्या दोन-तीन आठवड्यांत मराठवाड्यातील कृषी सेवा केंद्रांपुढे गर्दी होऊ लागते. मृगाचा पाऊस पडण्यापूर्वी सरकीचे पाकीट घरात आले पाहिजे, ही प्रत्येक कोरडवाहू शेतकऱ्याची चिंता असते. आपल्या औरंगाबाद धर्मप्रांतातील अनेक कुटुंबे याच चिंतेत मे महिना काढतात. साबण, चहा, बिस्किटे यांच्या कंपन्यांविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ चर्चा होते. परंतु जालना जिल्ह्यातील घराचे वर्षभराचे भवितव्य ज्या एका विकत घेतलेल्या वस्तूवर अवलंबून असते, ती वस्तू म्हणजे बियाणे. आणि या बियाण्याच्या व्यवहारातील देशातील एक सर्वांत मोठी व सर्वाधिक वादग्रस्त ठरलेली कंपनी, महाराष्ट्र हायब्रिड सीड्स कंपनी अर्थात ‘महिको’, ही जालन्यातच जन्मास आली.

ही कंपनी चांगली की वाईट, असा प्रश्न अनेक भाविक विचारतात. कोणी तिला शेतकऱ्याची तारणहार म्हणतो, तर कोणी आत्महत्यांचे सारे पाप तिच्या माथी मारतो. आमच्या मते हा प्रश्नच चुकीच्या रीतीने विचारला जातो. या कंपनीविषयीचे वाद एक नसून अनेक आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे. ते एकमेकांत मिसळले की खरा अन्याय कोठे झाला हे दिसेनासे होते.

प्रथम मूळ इतिहास पाहू. हैदराबाद मुक्तिसंग्रामात भाग घेतलेले बद्रीनारायण बारवाले यांनी भेंडीच्या सुधारित बियाण्यापासून आपल्या कामास प्रारंभ केला आणि १९६४ साली महिकोची स्थापना केली. त्या काळी दर्जेदार बियाणे शेतकऱ्यापर्यंत पोहोचविण्याचे काम मुख्यतः सरकारी यंत्रणेकडे होते आणि तिची धाव अपुरी पडत होती. बारवाले यांनी शेतकऱ्यांनाच बीजोत्पादनात सहभागी करून घेतले. ज्वारी, बाजरी, कापूस, भाजीपाला अशा पिकांची संकरित बियाणी जालन्यातून देशभर जाऊ लागली. ‘जालना सोने का पालना’ ही जुनी म्हण व्यापारपेठेविषयी होती. बियाणे उद्योगाने तिला नवा अर्थ दिला. १९९८ साली बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तर २००१ साली पद्मभूषण. जालन्यातील श्री गणपती नेत्रालयाच्या उभारणीतही त्यांचा पुढाकार होता, आणि तेथे दृष्टी परत मिळालेल्या गोरगरिबांची संख्या मोठी आहे. २०१७ साली त्यांचे निधन झाले. हे सारे विसरून केलेली टीका प्रामाणिक ठरणार नाही.

वादास खरा आरंभ १९९८ साली झाला. त्या वर्षी अमेरिकेच्या मोन्सॅन्टो कंपनीने महिकोमध्ये २६ टक्के भागभांडवल घेतले आणि दोघांनी निम्म्या-निम्म्या भागीदारीत ‘महिको मोन्सॅन्टो बायोटेक’ ही कंपनी काढली. मातीतील एका जिवाणूचे जनुक कपाशीत घातले की झाडातच असे प्रथिन तयार होते, जे खाल्ल्याने बोंडअळी मरते. हीच बीटी कपाशी. २६ मार्च २००२ रोजी केंद्र सरकारच्या समितीने महिकोच्या तीन संकरित वाणांना मान्यता दिली. २००६ साली दोन प्रथिने असलेले ‘बोलगार्ड-२’ आले. पुढील काही वर्षांत देशातील कपाशीचे नव्वद टक्क्यांहून अधिक क्षेत्र बीटीखाली गेले. शेतकऱ्यावर कोणी बळजबरी केली नव्हती. फवारणीचा खर्च आणि विषाचा त्रास कमी होतो असे त्याला स्वतःच्या शेतात दिसले होते.

उत्पादन किती वाढले, याविषयी मात्र तज्ज्ञांत एकमत नाही. २००२ च्या सुमारास देशात हेक्टरी सुमारे ३०० किलो रुई निघत असे; २००७-०८ मध्ये ती साडेपाचशे किलोपर्यंत गेली आणि नंतर घसरली व रेंगाळली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. केशव क्रांती यांनी ग्लेन स्टोन यांच्यासमवेत २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, या वाढीचे श्रेय मुख्यतः खते, सिंचन व नवी कीटकनाशके यांना दिले. इतर अभ्यासक बीटीला अधिक श्रेय देतात.

आता किमतीचा वाद. साध्या संकरित कपाशीचे पाकीट साडेचारशे रुपयांच्या आसपास मिळत असताना, बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाला सुरुवातीच्या वर्षांत सोळाशे रुपयांहून अधिक मोजावे लागत. त्यातील मोठा वाटा बियाण्याचा नव्हे, तर जनुकाच्या स्वामित्वशुल्काचा होता. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे जनुक अनेक भारतीय कंपन्यांना परवान्याने देण्यात आले होते. म्हणजे शेतकऱ्याच्या हातातील पाकिटावर कोणत्याही कंपनीचे नाव असो, त्याच्या पैशांतील एक हिस्सा याच भागीदार कंपनीकडे जाई. दुकानदाराशी घासाघीस करणाऱ्या शेतकऱ्याला हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते; त्याच्या पावतीवर ते लिहिलेले नसे. आमच्या दृष्टीने या साऱ्या कहाणीतील सर्वांत आक्षेपार्ह भाग हाच आहे. ज्याच्याकडून शुल्क घ्यायचे त्याला ते किती आणि कशासाठी, हे कळू नये, यास सचोटीचा व्यवहार म्हणता येत नाही.

आंध्र प्रदेश सरकारने हे प्रकरण मक्तेदारी आयोगापुढे नेले. २००६ साली आयोगाने शुल्क कमी करण्याचा अंतरिम आदेश दिला आणि पाकिटाची किंमत ७५० रुपयांवर आली. महाराष्ट्रानेही त्याच मार्गाने जाऊन २००९ साली कापूस बियाण्यांच्या पुरवठा व किंमत नियंत्रणासाठी स्वतंत्र कायदा केला. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरासाठी आदेश काढला. २०१६ च्या हंगामात बोलगार्ड-२ चे शुल्क सुमारे १६३ रुपयांवरून ४९ रुपयांवर आणले गेले आणि २०२० साली ते शून्य करण्यात आले. कंपनीचे म्हणणे असे होते की, संशोधनाचा मोबदला नाकारला तर नवे तंत्रज्ञान येणार नाही. हे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही: २००९ नंतर अनेक वर्षे कपाशीत एकाही नव्या जनुकीय तंत्रज्ञानाला देशात मान्यता मिळाली नाही. मात्र बोलगार्ड-२ इतक्या वर्षांनंतर किती उपयुक्त उरले, हाही प्रश्न विचारावा लागतो.

पुरवठ्याचा वाद निराळा. २०१२ साली जालना जिल्हा भीषण दुष्काळाच्या उंबरठ्यावर होता, मोसंबीच्या बागा वाळत होत्या. त्याच हंगामात विशिष्ट वाणांचा तुटवडा आणि काळाबाजार यांच्या तक्रारी वाढल्या आणि ऑगस्ट २०१२ मध्ये राज्य सरकारने महिकोचा बीटी कापूस विक्रीचा परवाना रद्द केला. नावाजलेले पाकीट हवे असेल तर सोबत खत किंवा दुसरे बियाणेही घ्या, हे ‘लिंकिंग’ मराठवाड्यातील शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. तो दोष एका कंपनीपुरता नाही. तुटवडा कोणीही निर्माण केलेला असो, दुकानाच्या काउंटरवर त्याची किंमत गरीबच भरतो.

सर्वांत मोठी हानी मात्र अळीने केली. बीटी कपाशीभोवती काही ओळी बिगर-बीटी कपाशीच्या लावाव्यात, असा नियम होता. त्यासाठी मुख्य पाकिटासोबत १२० ग्रॅमचे वेगळे पाकीट दिले जाई. त्या ओळींत जगलेल्या साध्या अळ्यांशी संकर होऊन प्रतिकारक अळ्यांची वाढ मंदावते, असे त्यामागील शास्त्र. प्रत्यक्षात ते छोटे पाकीट बहुतेकांनी बांधावर फेकून दिले. दोन-चार एकरांच्या धन्याला अळीसाठी मुद्दाम पीक पेरा म्हणणे, आणि तेही कारण नीट समजावून न सांगता, हे कितपत शक्य होते? पुढील काळात हे बियाणे मुख्य पाकिटातच मिसळून देण्याची पद्धत आली. तोवर उशीर झाला होता. गुलाबी बोंडअळीने पहिल्या बीटीला गुजरातेत प्रतिकार केल्याचे मोन्सॅन्टोने २०१० साली स्वतःच मान्य केले. २०१७ च्या हंगामात बोलगार्ड-२ असूनही मराठवाडा व विदर्भातील शेते डोमकळ्यांनी भरली आणि बोंडांतून कवडी निघाली.

या हानीचे दायित्व कोणाचे? दीर्घ मुदतीचे संकरित वाण विकणाऱ्या कंपन्यांचे. हजाराहून अधिक बीटी वाणांना मुक्तहस्ते परवानगी देणाऱ्या शासनाचे. आणि पाणी मिळाले म्हणून फरदड ठेवून अळीला उन्हाळ्यापर्यंत अन्न पुरविणाऱ्या आपल्याही शेतकऱ्यांचे. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारने कोरडवाहू क्षेत्रास हेक्टरी ३०,८०० रुपये मदत जाहीर केली. त्यांपैकी १६,००० रुपये बियाणे कंपन्यांनी द्यावेत, असे त्यात गृहीत धरले होते. कंपन्यांनी त्यास विरोध केला.

आत्महत्यांविषयी विशेष जपून बोलले पाहिजे. विदर्भ-मराठवाड्यातील आत्महत्या बीटी येण्यापूर्वीच सुरू झाल्या होत्या. नापिकी, सावकारी कर्ज, पडलेले भाव आणि पावसाचा लहरीपणा यांचा तो एकत्रित भार आहे. महागडे बियाणे वाया गेले की तो भार वाढतो, हे मात्र खरे. ज्या घरात असे दुःख आले आहे त्या घरापुढे एकाच कंपनीचे नाव घेऊन मोकळे होणे सोपे असते, परंतु त्यामुळे बँक, बाजार समिती आणि शासन यांच्या वाट्याचे उत्तर अनुत्तरितच राहते.

जालन्याजवळील दावलवाडी येथे महिकोचे संशोधन केंद्र आहे. तिच्या बीटी वांग्याला १४ ऑक्टोबर २००९ रोजी केंद्रीय समितीने मान्यता दिली. तथापि तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या घेतल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी त्यास स्थगिती दिली. बांगलादेशाने २०१३ साली तेच तंत्रज्ञान स्वीकारले आणि तेथे बियाणे सरकारी संस्थेमार्फत दिले गेले.

याविषयी ख्रिस्तसभेची भूमिका काय? दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली प्रसृत केलेल्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात (परिच्छेद १३३ ते १३५) जनुकीय बदलांविषयी सरसकट निवाडा करणे कठीण असल्याचे नमूद केले आहे. त्यांनी बोट ठेवले ते अन्यत्र: जमीन व बियाणे मोजक्या हातांत एकवटणे, लहान उत्पादक नाहीसे होणे, आणि जनतेला पूर्ण माहिती न मिळणे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९१ च्या ‘सेंतेसिमुस आन्नुस’ या परिपत्रकात नफ्याचे स्थान मान्य केले. पण उद्योगाच्या प्रकृतीची ती एकमेव खूण नव्हे, असेही सांगितले. या निकषाने पाहता, बीटीचे जनुक हे पाप ठरत नाही. त्याचे छुपे शुल्क आणि अपुरी माहिती यांचा मात्र जाब विचारावा लागतो.

तो जाब कोठे विचारावा, हेही सांगणे आवश्यक आहे. बियाणे विकत घेणारा शेतकरी हा कायद्याने ‘ग्राहक’ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये राष्ट्रीय बीज निगमाच्या प्रकरणात स्पष्ट केले. त्याहीपूर्वी, १९९८ साली, खुद्द महिकोच्या सूर्यफुलाच्या बियाण्यासंबंधीच्या खटल्यात, पेरणारा शेतकरी तपासणीसाठी बियाणे राखून ठेवील अशी अपेक्षा धरता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले होते. तरीही पाकीट, त्यावरील लेबल आणि पक्की पावती हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावी. उगवण झाली नाही किंवा वाणात भेसळ दिसली, तर पीक शेतात उभे असतानाच तालुका कृषी अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार द्यावी, म्हणजे तालुकास्तरीय तक्रार निवारण समितीला प्रत्यक्ष पाहणी करून पंचनामा करता येतो. ही समितीच्या पंचनाम्याची प्रत घेऊन जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते.