आधी ब्रेक, मग टायर

पुण्याकडून येताना नीरेचा पूल ओलांडला की पुणे जिल्हा संपतो आणि शिरवळ लागते. इथेच आमच्या अंगणात कडुलिंबाखाली ताडपत्री घालून एक जीप उभी होती, महिंद्रा एमएम ५४०, १९९२ सालची. घरातल्या दादामियाँनी तिच्यातून वर्षानुवर्षे कांद्याची पोती लोणंदच्या बाजारात नेली. त्यांचा इंतकाल झाल्यावर जीप तशीच उभी राहिली. भंगारवाला दोनदा दारात येऊन गेला. दोन्ही वेळा दादीने त्याला चहा पाजून परत पाठवले.

मग थोरल्या मुलाने हट्ट धरला, "विकायची नाही. घरीच दुरुस्त करू." आम्ही हो म्हटले. पैसे वाचतील, पोराच्या हाताला काम लागेल, हा आमचा हिशोब. आपले प्यारे नबी (स.) आपली चप्पल स्वतः सांधत, कपड्याला स्वतः ठिगळ लावत, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. घरातली वस्तू घरी दुरुस्त करण्यात कमीपणा कसला?

आपल्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी, नाहीतर नात्यात, असा गाडीवेडा मुलगा असणारच. म्हणून आमच्याकडून काय चुकले आणि काय जमले, ते सांगतो.

जीपच्या नावातला मोहम्मद

या गाडीची एक गोष्ट थोड्यांनाच माहीत असते. १९४५ साली ही कंपनी सुरू झाली तेव्हा तिचे नाव 'महिंद्रा अँड मोहम्मद' होते. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे भागीदार. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. मुंबईच्या माझगावात अमेरिकन विलीज जीपचे सुटे भाग जोडून सुरुवात झाली. त्याच घराण्यातली एमएम ५४० १९८५ च्या सुमारास आली, प्यूजोचे २,११२ सीसीचे डिझेल इंजिन घेऊन.

ही गाडी घरी दुरुस्त होऊ शकते, कारण तिची रचना साधी आहे. मजबूत चेसी, पुढे-मागे कमानपाटे, अखंड ॲक्सल, आणि गिअर बॉक्समागे ताकद पुढच्या चाकांनाही वाटून देणारी ट्रान्सफर केस. संगणक नाही, सेन्सर नाही. पाना, टॉमी, ग्रीसगन आणि सबर असली की बरेच काम होते.

आमची चूक

मुलाने मोबाइलवर व्हिडिओ पाहून काम सुरू केले, आणि जे दिसते ते आधी केले. रंग झाला, सीट झाल्या. मग रुंद, उंच टायर आले, पुढे लोखंडी बुलबार आला, छतावर दिव्यांची रांग आली. गल्लीतली पोरे गाडीसोबत फोटो काढू लागली. आम्हालाही कौतुक वाटले, हे कबूल केले पाहिजे.

वाईला एक निकाह होता. जीपमधून गेलो. परतताना खंबाटकीच्या बोगद्यातून बाहेर पडलो. पुढे उतार आणि ते एस आकाराचे वळण, ज्याची अपघातांसाठी वर्षानुवर्षे दहशत होती. मुलाने ब्रेक दाबला. पेडल मऊ लागले. पुन्हा दाबला, ते खाली जाऊन टेकले. त्याच्या शेजारी दादी, मागे लेकरे. मागून मालट्रक.

त्याने क्लच दाबून तिसरा टाकला, मग दुसरा. इंजिन ओरडले, गाडी अडली. हॉर्न देत डावीकडची कड धरली, हँडब्रेक हळूहळू ओढला. वळणाच्या आधी गाडी थांबली. कुणी काही बोलले नाही. दादीचे दरूद तेवढे ऐकू येत होते. अल्लाहचा करम, कुणाला खरचटलेही नाही.

टॉर्च घेऊन पाहिले तर मागचे डावे चाक आतून ओले आणि ड्रम हात लावता येणार नाही इतका तापलेला. कारण दुसऱ्या दिवशी मोहल्ल्यातल्या मिस्त्रीचाचांनी चाक उघडल्यावर कळले. रंगकामाच्या वेळी मुलाने चाके खोलली होती आणि व्हील सिलिंडरचे रबर डिझेलने धुऊन परत बसवले होते. डिझेल, रॉकेल किंवा इंजिन ऑईल लागले की ब्रेकचे रबर फुगते. फुगलेले रबर सिलिंडरमध्ये अडकते, ब्रेक घासत राहतो, चाक तापते आणि ऑईल गळू लागते. शिवाय अगदी जुन्या जीपमध्ये सगळ्या चाकांना एकाच वाटेने ऑईल जाते. एका चाकापाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक जातो.

चाचा रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारले, "बेटा, टायरला किती घातले आणि ब्रेकला किती?" मुलाने मान खाली घातली. उत्तर आमच्याकडेही नव्हते. टायरचे पैसे आम्हीच दिले होते.

पुन्हा सुरुवात

चाचांच्या देखरेखीखाली रविवारी रविवारी काम नव्याने सुरू झाले. त्यांचा पहिला नियम: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोके घालायचे नाही. चाकांना दगड, चेसीखाली घोडी, मगच खाली जायचे. दुसरा नियम: ब्रेकची धूळ फुंकायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते, ते फुप्फुसाला घातक. ओल्या फडक्याने पुसायचे आणि लेकरांना लांब ठेवायचे.

चारही व्हील सिलिंडर आणि मास्टर सिलिंडरचे किट बदलले. ऑईलने भिजलेले लायनर टाकून दिले. ते वाळवून पुन्हा वापरता येत नाहीत. ड्रम लेथवर साफ करून आणले. रबर आता फक्त ब्रेक ऑईलनेच धुतले. मग एअर काढायची. या कामाला दोन माणसे लागतात. घरातली धाकटी लेक सीटवर बसली आणि भाऊ खालून सांगू लागला, "दाब... धरून ठेव... सोड." सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, शेवटी पुढचे उजवे. ब्रेक ऑईल हवेतली ओल शोषते, म्हणून दोन वर्षांनी बदलायचे, हेही तेव्हाच कळले.

पुढचा ॲक्सल उचलून चाक वरखाली हलवून पाहिले. किंगपिनच्या बेअरिंगमध्ये ढिलाई निघाली. मोठ्या टायरने ती वाढवलीच असणार. उंच टायर लावले की चाकाचा एक फेरा जास्त अंतर कापतो. त्यामुळे काटा खरा वेग दाखवत नाही, चढाला गिअर जड पडतो, आणि तीच गाडी थांबवायला त्याच ब्रेकला जास्त जोर लागतो. कमानपाटे उंच केले तर गाडीचा तोल वर जातो आणि प्रॉपेलर शाफ्टचे क्रॉस वाकड्या कोनात फिरून लवकर झिजतात. हे व्हिडिओत कुणी सांगितले नव्हते.

फोर बाय फोरची गंमतही समजून घ्या. या जीपमध्ये पुढची-मागची चाके एकदा जोडली की दोन्हींना सारखेच फिरावे लागते. वळणावर मात्र पुढची चाके जास्त अंतर जातात. चिखलात चाक घसरून हा फरक भरून निघतो, कोरड्या डांबरावर तो ताण गिअरवर येतो. म्हणून ते जोर पावसाळ्यात शेताच्या वाटेवर वापरायचे, महामार्गावर नाही.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर प्रत्येक बेकायदा बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. बुलबारबद्दल केंद्राने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कारवाई करायला सांगितले होते, कारण धडकेत तो पादचाऱ्याला जास्त इजा करतो. इंजिन किंवा इंधन बदलायचे असेल तर आधी आरटीओची परवानगी हवी.

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. एप्रिल २०२२ पासून मोटारीसाठी हे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरील गाड्यांसाठी ते आणखी वाढले. जुनी गाडी घेण्याआधी हा खर्च धरा, आणि आरसीवरचा चेसी नंबर गाडीवरच्या नंबराशी स्वतः ताडून पाहा.

आम्ही बुलबार उतरवला, दिवे काढले, मूळ मापाचे टायर बसवले. मुलाला वाईट वाटले. आम्हालाही पैशाचे वाईट वाटले. रुंद टायरना गिऱ्हाईक मिळाले तेव्हा त्यातल्या एकाला बाजूने चीर आहे, हे मुलाने स्वतःहून दाखवले आणि भाव कमी घेतला. ऐब लपवून माल विकू नये, हे त्याला त्या दिवशी सांगावे लागले नाही.

घरी काय, बाहेर काय

घरी करण्यासारखे: ग्रीसिंग, ऑईल आणि फिल्टर बदलणे, डिझेल लाइनची एअर काढणे, कमानपाट्याचे बुश, यू-बोल्ट आवळणे, गंज खरवडून प्रायमर लावणे, वायरिंगला फ्यूज बसवणे. जाणत्याच्या नजरेखाली: ब्रेक, किंगपिन, स्टिअरिंग. बाहेरच द्यायचे: चेसीचे वेल्डिंग, डिझेल पंप आणि नोझल.

एका सहाबींनी नबींना (स.) विचारले होते, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? उत्तर मिळाले, आधी बांध, मग भरवसा ठेव. त्या उतारावर आम्ही उंट मोकळा सोडून फक्त दुआ करत होतो.

आता जीपच्या डॅशबोर्डच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे. ब्रेक ऑईल कधी बदलले, पुढचे कधी, ग्रीस कधी. अक्षर धाकटीचे. गेल्या महिन्यात जीप पुन्हा वाईला जाऊन आली. बोगद्याच्या आधी मुलाने गाडी कडेला घेतली, खाली उतरून चारही चाकांच्या ड्रमजवळ हात नेऊन पाहिला आणि येऊन बसला. दादी म्हणाली, "चल आता. बिस्मिल्लाह."