गवत कापायच्या यंत्रात ऑइल कोणतं?

कर्ज काढून घेतलेलं गटाचं ग्रास कटर चुकीच्या ऑइलमुळे जाम झालं, तर यंत्र बंद आणि हप्ता मात्र चालूच. म्हणून आधी पुस्तिकेत बघा, इंजिन टू-स्ट्रोक आहे की फोर-स्ट्रोक.

टू-स्ट्रोकला टू-टी ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं. प्रमाण ५०:१ असेल तर १ लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली. नुसतं पेट्रोल घातलं की पिस्टन कोरडा पडून चिकटतो.

फोर-स्ट्रोकचं ऑइल वेगळं भरायचं. बहुधा एसएई ३० किंवा १०डब्ल्यू-३० लागतं, पण पुस्तिकेत असेल तेच घ्या. रोज यंत्र सपाट जागी ठेवून पातळी बघा.

मिश्रणाच्या कॅनवर प्रमाण लिहून ठेवा. मग यंत्र कुणाच्याही हाती गेलं तरी चूक होणार नाही.