बँडसॉची जुळणी

लाकूड वाकडं चिरलं गेलं की आपण मशीनला नावं ठेवतो. बहुतेक वेळा मशीन निर्दोष असतं. पट्टा बोथट झालेला असतो, नाहीतर जुळणीचा क्रम चुकलेला असतो. आधी चाकं, मग ताण, मग गाइड आणि शेवटी टेबल, हाच तो क्रम. तो मोडला की पुढची पायरी मागचं काम बिघडवते.

अखंड फिरणाऱ्या पट्ट्याच्या करवतीची कल्पना विल्यम न्यूबेरी याने इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडली होती, पण पट्ट्याचा जोड टिकत नव्हता. फ्रान्सच्या ॲन पॉलिन क्रेपाँ यांनी १८४६ मध्ये जोडण्याच्या रीतीचं पेटंट घेतलं, आणि मग हे यंत्र कामाचं ठरलं. आजही नवा पट्टा घेताना आधी जोड बघावा. पाठीमागच्या कडेवर तिथे उंचवटा असेल तर प्रत्येक फेऱ्याला ठोका बसतो.

प्लग काढूनच कामाला लागा. चाकांच्या रबरी टायरवर डिंक आणि भुसा यांचा थर बसतो, तो खरवडून काढा. पट्टा दात खाली, टेबलाकडे येतील असा चढवा. चाक हाताने फिरवत वरच्या चाकाचा कल बदला आणि पट्टा एका जागी स्थिर धावू लागला की थांबा. ताण देताना मशीनवरच्या खुणेवर विसंबू नका, कारण स्प्रिंग काळाने मऊ पडते. वरचा गाइड टेबलापासून सहा इंच वर ठेवून पट्टा बाजूने बोटाने दाबा. अदमासे पाव इंच दबला तर ताण पुरेसा आहे.

सगळ्यात जास्त वेळ गाइडला द्यावा. बाजूचे गाइड पट्ट्याच्या दोन्ही अंगांना वहीच्या कागदाएवढं अंतर सोडून बसवायचे. कागद मध्ये घालून स्क्रू कसले की तो ओढून काढायचा. गाइडची पुढची कड दातांमधल्या खाचांच्या किंचित मागेच हवी. दात गाइडला घासले तर त्यांची फाक एका फेरीत जाते आणि तो पट्टा पुढे एकाच बाजूला ओढत राहतो. मागचं बेअरिंग रिकामं चालताना फिरता कामा नये. लाकडाचा दाब आल्यावरच पट्टा त्याला टेकावा. एवढं झाल्यावर टेबल गुण्या लावून काटकोनात घ्या.

जाड लाकूड उभं चिरायला इंचात तीन दातांचा रुंद पट्टा हवा, वळणं कापायला पाव इंचाचा. बल्लारशाच्या डेपोतून येणाऱ्या सागवानात सिलिका असते, ती धार लवकर खाते. चिरीतून जळका वास आला किंवा लाकूड जोराने रेटावं लागलं की पट्टा बदला. रेटून काम भागवणं धोक्याचं आहे, बोटं तिथेच जातात. ढकलायला काठी वापरा, हातमोजे घालू नका. वरचा गाइड लाकडाच्या पाव इंच वर इतका खाली आणा, म्हणजे उघडा पट्टा कमी राहतो.

आठवडाभर काम नसेल तर ताण सैल करून ठेवा, टायर आणि पट्टा दोन्ही जास्त टिकतात. टिकटिक असा आवाज येऊ लागला तर मशीन तिथल्या तिथे बंद करा. खाचेच्या तळाशी तडा गेलेला असू शकतो, आणि असा पट्टा डागून वापरण्यापेक्षा फेकलेला बरा. लाकडाचा बारीक भुसा कर्करोगाचं सिद्ध कारण आहे, म्हणून मास्क लावल्याशिवाय मशीनपाशी उभे राहू नका. शिकाऊ मुलगा हाताखाली असेल तर पहिला मास्क त्याला द्या.