जुन्या स्पोर्ट्‌स कारची ‘एक्स्टेंडेड वॉरंटी’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

अमेरिकेत जुनी पोर्शे ९११ किंवा कॉर्व्हेट घेताना भाव ठरतो, कर्ज मंजूर होतं आणि सह्यांच्या वेळी फायनान्स मॅनेजर आणखी एक कागद पुढे सरकवतो : एक्स्टेंडेड वॉरंटी. रक्कम काही हजार डॉलर, आणि निर्णय तिथेच, बसल्या जागी घ्यायचा. ‘इंजिन गेलं तर?’ या एका प्रश्नाच्या धाकाने अनेकजण सही करून मोकळे होतात. न्यू जर्सीपासून बे एरियापर्यंत हौसेने अशी गाडी घेणारे मराठी लोकही याच खुर्चीत बसतात. सहीआधी काही गैरसमज दूर झालेले बरे.

गैरसमज : ही कंपनीच्या वॉरंटीचीच मुदतवाढ असते.

वस्तुस्थिती : वॉरंटी गाडीच्या किमतीतच धरलेली असते. वेगळे पैसे मोजून घेता तो ‘सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट’, म्हणजे दुरुस्तीचा करार. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस कायदाही या दोन गोष्टी वेगळ्या मानतो. काही करार गाडी बनवणारी कंपनी विकते, बरेचसे तिऱ्हाईत कंपन्या विकतात. म्हणून पहिला प्रश्न हा, की दुरुस्तीचे पैसे नेमके कोण देणार आणि ती कंपनी बुडाली तर तिच्यामागे विमा कंपनी उभी आहे का? हा प्रश्न उगाच नाही. जाहिरातींत सांगितलेलं आणि प्रत्यक्ष मिळालेलं यात तफावत असल्याच्या आरोपांवरून असे करार विकणाऱ्या ‘कारशील्ड’ने २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनशी तडजोड केली आणि एक कोटी डॉलर भरले. ‘तुमच्या गाडीची वॉरंटी संपत आलीय’ असे अब्जावधी यांत्रिक फोन करणाऱ्या टोळीला २०२३ मध्ये जवळपास ३० कोटी डॉलरचा दंड झाला.

गैरसमज : ‘सगळं कव्हर’ म्हणजे सगळं.

वस्तुस्थिती : करार दोन प्रकारचे असतात. एकात कव्हर होणाऱ्या भागांची यादी असते; यादीत नाव नसेल तर पैसे नाहीत. दुसऱ्यात न होणाऱ्या भागांची यादी असते. उरलेलं सगळं कव्हर. दुसरा प्रकार महाग, पण भरवशाचा. मात्र दोन्हींत क्लच, ब्रेक पॅड आणि टायर हे झिजणारे भाग सहसा वगळलेले असतात, आणि स्पोर्ट्‌स कारचा नेहमीचा मोठा खर्च तिथेच असतो. ट्रॅकवर गाडी पळवली किंवा ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदललं, तर दावा बहुधा फेटाळला जातो. करार घेण्याआधीपासून असलेला बिघाडही कव्हर होत नाही.

आणखी एक कलम आवर्जून वाचा. बिघाडाचं कारण शोधायला इंजिन खोलावं लागलं, तर त्या खोलण्याची मंजुरी मालकाने द्यायची असते. कारण करारात बसलं नाही, तर खोलण्याची मजुरीही मालकाच्या माथी.

गैरसमज : स्पोर्ट्‌स कार म्हटली की इंजिनचा खर्च ठरलेला.

वस्तुस्थिती : ते मॉडेलवर आणि त्या एका गाडीवर अवलंबून असतं. माझदा मियाटाचं इंजिन साधं, तिचे भाग स्वस्त. पोर्शेची गोष्ट वेगळी. १९९७ ते २००८ दरम्यानच्या बॉक्स्टर आणि बहुतेक ९११ गाड्यांच्या इंजिनात इंटरमीडिएट शाफ्टचं बेअरिंग असतं. ते तुटलं तर अख्खं इंजिन जाऊ शकतं. २००१ ते २००५ मधल्या गाड्यांबाबत यावरून सामूहिक दावा झाला आणि २०१३ मध्ये तडजोडही झाली.

पण पुढचं ऐका. २००५ पर्यंतच्या बहुतेक इंजिनांत हे बेअरिंग बदलता येतं, आणि क्लच बदलताना गिअरबॉक्स उतरतोच, त्याच वेळी ते उरकता येतं. बिघाडाआधी केलेल्या अशा कामाचे पैसे करार देत नाही. म्हणजे त्या गाडीचा सर्वांत मोठा धोका कराराने नाही, आधीच केलेल्या कामाने टळतो. २००९ पासूनच्या नव्या इंजिनांत तर हा शाफ्टच नाही.

गैरसमज : बाहेरच्या गॅरेजात गेलो की वॉरंटी रद्द.

वस्तुस्थिती : कंपनीची वॉरंटी केवळ तेवढ्या कारणाने रद्द करता येत नाही, असं मॅग्नुसन-मॉस कायदा सांगतो. सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टमध्ये मात्र दुरुस्ती कुठे करायची, आधी फोनवर मंजुरी घ्यायची का, याच्या स्वतःच्या अटी असतात. आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या नसतील तर दावा अडकतो. पावती जपा.

गैरसमज : करार घेतला नाही तर आपल्याला काहीच संरक्षण नाही.

वस्तुस्थिती : बहुतेक राज्यांत डीलरकडच्या जुन्या गाडीवर ‘बायर्स गाइड’ नावाचा कागद लावणं बंधनकारक आहे. गाडी ‘ॲज इज’, म्हणजे आहे तशी विकली जातेय की वॉरंटीसह, हे त्यावर लिहिलेलं असतं. गाडी घेतल्यापासून ९० दिवसांत सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट घेतला तर राज्याच्या कायद्यातली गर्भित, म्हणजे लिहून न देताही लागू होणारी हमी जादा हक्क देऊ शकते, हेही त्यावर छापलेलं असतं. काही राज्यांचे कायदे याहून कडक आहेत. न्यू जर्सीत सात मॉडेल वर्षांच्या आतल्या, एक लाख मैलांपर्यंत चाललेल्या आणि किमान ३ हजार डॉलरच्या गाडीला डीलरने मैलांनुसार ३० ते ९० दिवसांची वॉरंटी द्यावी लागते. पोर्शेची ‘अप्रूव्ह्ड’ जुनी गाडी घेतली, तर १११ मुद्द्यांची तपासणी आणि कंपनीची वॉरंटी किमतीतच येते.

गैरसमज : आज सही केली नाही तर संधी गेली.

वस्तुस्थिती : करार नंतरही आणि दुसरीकडूनही घेता येतो. त्याच्या किमतीत डीलरचा नफा असतो, म्हणून घासाघीस करा. रक्कम कर्जात टाकली तर तिच्यावरही व्याज भरावं लागतं. ‘कन्झ्युमर रिपोर्ट्‌स’ या मासिकाने २०१४ मध्ये छापलेल्या पाहणीत असा करार घेतलेल्या ५५ टक्के लोकांनी तो दुरुस्तीसाठी एकदाही वापरला नव्हता.

मग ठरवायचं कसं?

आधी गाडी त्या मॉडेलच्या जाणकार, डीलरशी संबंध नसलेल्या मेकॅनिककडून तपासून घ्या. पोर्शे असेल तर इंजिनच्या कॉम्प्युटरमधला ओव्हर-रेव्ह रिपोर्ट मागा. चुकीचा गिअर पडून इंजिन मर्यादेपलीकडे फिरलं असेल, तर त्याची नोंद तिथे, किती तास चालल्यावर झालं यासकट, सापडते. सिलिंडरमध्ये कॅमेरा घालून ओरखडे पाहायला सांगा.

मग हिशेब करा. गाडी निर्दोष निघाली आणि एक मोठी दुरुस्ती पेलण्याइतकी शिल्लक तुमच्याकडे असेल, तर करार घेऊ नका. तेवढे पैसे दुरुस्तीसाठी बाजूला ठेवा. एका बिलाने घर अडचणीत येणार असेल आणि गाडी गुंतागुंतीची असेल, तर गाडी बनवणाऱ्या कंपनीचा किंवा विम्याचं पाठबळ असलेला, वगळलेल्या भागांची यादी देणारा करार घ्या, आणि तोही पूर्ण मसुदा घरी नेऊन वाचल्यावरच. मसुदा घरी न्यायला जो विक्रेता नकार देतो, त्याच्या कागदावर सही करू नका.