दोन खाडे

आज 'नेम' या शब्दाविषयी बोलायचंय. उदाहरण आपल्या बीड जिल्ह्यातलंच घेऊ: एचआयव्हीची गोळी रोज घेण्याचं.

ही औषधं, म्हणजे एआरटी, सरकारनं १ एप्रिल २००४ पासून मोफत द्यायला सुरुवात केली. आता बहुतेक प्रौढांना तीन औषधं मिळून एकच गोळी, दिवसातून एकदा. ऐकायला सोपं. पण हिशेब कडक. जुना निकष ९५ टक्क्यांचा. महिन्याच्या ३० गोळ्यांपैकी एक राहिली तर चालून जातं; दोन राहिल्या की आपण ९३ वर आलो. नवी औषधं थोडं जास्त सांभाळून घेतात, पण धोका तोच. रक्तातलं औषध कमी पडलं की विषाणू वाढतो, वाढताना बदलतो, आणि बदललेला एखादा औषधाला दाद देत नाही.

आता ऊसतोडीकडे बघा. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. पाच-सहा महिने तिकडेच. पहाटे फडात, रात्री गाडी भरायला. राहायला कोपी, तिला ना दार, ना कुलूप. कुणाला कळू न देता गोळ्यांची डबी ठेवायची कुठे? गोळ्या संपल्या तर केंद्रावर जाण्यात दिवस मोडतो. मुकादमाच्या वहीत तो खाडा, त्याचे पैसे कापले जातात. नाही गेलं तर गोळीचा खाडा. पहिला लगेच दिसतो, दुसरा रक्तात उमटायला वेळ लागतो. माणूस कोणता टाळेल?

आणि आपण त्याला निष्काळजी म्हणून मोकळे होतो! चांगलं काय ते कळूनही माणूस उलट का वागतो, हा ॲरिस्टॉटलचा प्रश्न. त्यानं बोट ठेवलं मनाच्या दुबळेपणावर. इथं मन दुबळं नसतं हो, निवडच कोंडीची असते. वारकऱ्याचा नेमसुद्धा एकट्याच्या बळावर चालत नाही. सोबत दिंडी असते.

म्हणून गावाहून निघण्याआधीच एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाला सांगावं. जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या केंद्रातून औषध, अशी सोय होऊ शकते. संमतीशिवाय कुणाचा आजार उघड करायला २०१७ च्या कायद्यानं मनाई आहे. आणि गोळी नेमानं घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, तसाच राहिला, तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. एवढं मोठं फळ या नेमाला आहे.

तेव्हा 'गोळी का चुकली?' असं विचारण्याआधी एक विचारा: डबी ठेवायला जागा होती का? इथं थांबतो.