तीनशे अंड्यांमागची निवड

गोरेगावची आरे वसाहत मुंबईकरांना दुधामुळे माहीत आहे. केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्थाही तिथेच आहे, हे मात्र अंधेरी-बोरिवलीतही फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘इंजेक्शन दिल्याशिवाय कोंबडी एवढी अंडी घालेल का?’ हा प्रश्न उपनगरांत सर्रास ऐकू येतो. घालते. त्यामागे आहे पिढ्यान्‌पिढ्या काटेकोर नोंदी ठेवून केलेली निवड.

रानकोंबडी वर्षाला जेमतेम १०-१५ अंडी देते, गावरान कोंबडी साधारण ६०-८०. पुण्याच्या व्यंकटेश्वरा हॅचरीजची ‘बीव्ही-३००’ आणि तिच्यासारख्या लेगहॉर्न जातीच्या कोंबड्या तीनशेच्या पुढे जातात. कोंबडी आत शिरली की दार पडणारी खुराडी वापरून पैदासकारांनी कुठलं अंडं कुणाचं हे टिपलं. कोंबडा अंडी घालत नाही. त्याची पारख त्याच्या बहिणींच्या आणि मुलींच्या नोंदींवरून झाली.

निवडीने बदललं ते कोंबडीचं आतलं घड्याळ. एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात, त्यांतले वीसेक कवचालाच. त्यामुळे अंडं रोज थोडं उशिरा पडतं. नवं बीजांड सुटण्याची वेळ दिवसातल्या ठरावीक तासांपुरतीच असते. ती हुकली की एक दिवस खाडा. निवडीने हा अवधी २४ तासांच्या अगदी जवळ आणला आणि खाडे घटले. खुडूक बसण्याची सवयही जवळजवळ गेली.

याची किंमत हाडं मोजतात. प्रत्येक कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. रात्री खाणं बंद असताना त्यातलं बरंचसं हाडांतून येतं. म्हणूनच छातीचं हाड मोडण्याचं प्रमाण मोठं आहे आणि ही वेदना बाहेरून दिसत नाही.

निवडीने कोंबड्यांचा त्रास कमीही करता येतो, हे दाखवणारा अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या विल्यम म्यूर यांचा प्रयोग मला म्हणूनच मोलाचा वाटतो. एकेकटी कोंबडी निवडली की इतरांना टोचून पुढे जाणारीही निवडली जाते. त्यांनी पिंजऱ्यातला अख्खा गट निवडला. काही पिढ्यांतच मरतूक ६८ टक्क्यांवरून नवाच्या आसपास आली, अंडीही वाढली. हाडांची मजबुतीही बऱ्याच अंशी आनुवंशिक असते, म्हणजे तिच्यासाठीही निवड करता येते. एकच कळप वयाच्या १०० आठवड्यांपर्यंत अंड्यांवर ठेवण्याचं उद्दिष्ट पैदासकार आज बाळगतात; तेव्हा निवडीच्या नोंदवहीत अंड्यांच्या आकड्याशेजारी हाडांचा रकानाही हवाच.