पाण्याने राखलेलं गाव

उत्तर-मध्य पोलंडात, झ्निन शहराजवळ, बिस्कुपिन नावाचं एक छोटंसं खेडं आहे. हिमनद्या वितळून गेल्या तेव्हा या मुलखात मागे लांबट तळी उरली. त्यातल्याच एका तळ्याकाठचं हे गाव. नदीचं पात्र सरळ केल्यामुळे तळ्याचं पाणी उतरलं होतं. १९३३ साली इथले शाळामास्तर वालेन्ती श्वायत्सेर यांना पाण्यातून तिरपे डोकावणारे लाकडी खुंट दिसले. खुंट कसले, लाटा नि बर्फ अडवणारा बांध होता तो! पुढच्याच वर्षी पुरातत्त्वज्ञ युझेफ कोस्त्शेफ्स्कींनी उत्खनन सुरू केलं आणि चिखलाखालून अख्खी वस्ती निघाली.

सुमारे शंभर घरं, सगळी जवळपास एकाच मापाची. दलदलीत पाय रुतू नयेत म्हणून अकरा गल्ल्यांत ओंडके अंथरलेले. घरात शिरलं की पुढे पडवी, आत मोठी खोली आणि तिच्यात दगडांची चूल. भोवती ओकच्या लाकडी पेट्यांत माती भरून रचलेला साडेचारशे मीटरांहून लांब तट. पाटलाचा वाडा म्हणावा असं एकही मोठं घर नाही. मला सर्वांत नवल वाटतं ते याचं.

आणि वय? खोडातल्या वर्तुळांनी ते थेट हंगामासकट सांगितलं : निम्म्याहून अधिक ओक इ.स.पू. ७३८-७३७च्या हिवाळ्यात तोडलेले. दंतकथेतल्या रोमच्या स्थापनेला तेव्हा जेमतेम पंधरा वर्षं झाली होती. इतकी जुनी लाकडं टिकली, कारण ओल्या गाळात हवा पोचत नाही आणि हवेवाचून ती कुजवणारी बुरशी जगत नाही.

ही वस्ती आपल्याच पूर्वजांची, असं पोलिश अभ्यासक म्हणत आणि नाझीही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात एसएस या नाझी संघटनेच्या लोकांनी इथे खोदकाम केलं. इथल्या माणसांनी लिहिलेलं एक अक्षरही मागे उरलेलं नाही, त्यामुळे दोन्ही दावे हट्टाचेच. माघार घेताना जर्मनांनी नासधूस करायला इथे पाणी सोडलं. झालं उलटंच, त्या पाण्याने लाकडं आणखी टिकली.

आज तिथे दिसणारा दरवाजा, तट आणि घरं नव्याने उभारलेली आहेत. जाणार असाल तर सप्टेंबरात जा. तेव्हा तिथे पुरातत्त्व महोत्सव भरतो.